पडद्यावर कळले, वहीत अडले

रात्रीचे अकरा वाजले आहेत. मोबाइलवर भौतिकशास्त्राचा तास चालू आहे. सर झकास शिकवतात. वर फेकलेला चेंडू, त्याचा आलेख, शेवटी सूत्र, सगळे कसे लख्ख. चाळीस मिनिटांत एकदाही अडायला झाले नाही. मग अकरावीतली ती मुलगी वही उघडते, धड्याखालचे पहिले उदाहरण वाचते आणि पेन हातात तसेच राहते. सुरुवात कुठून करायची?

आत्ता तर सगळे समजले होते. मग ते गेले कुठे?

हे कोडे मोबाइलपेक्षा बरेच जुने आहे. महाविद्यालयातले भौतिकशास्त्र पहिल्यांदा टीव्हीच्या पडद्यावर आले, तेव्हापासून ते शिकवणाऱ्यांना छळते आहे. त्याचे उत्तर पडद्यात कमी आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसात जास्त सापडते.

पण पुढे वाचण्याआधी एक काम करा. तुम्ही चेंडू सरळ वर फेकला आहे. तो हातातून सुटला आहे आणि अजून वर चालला आहे. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणकोणती बले आहेत? उत्तर पेन्सिलीने समासात लिहा. नुसते मनात नको, लिहाच. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

सकाळी साडेसहाचा वर्ग

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुतनिक उपग्रह सोडला आणि आपल्या शाळांत विज्ञान कसे शिकवले जाते, याची अमेरिकेला एकदम काळजी लागली. वर्षभराने, ऑक्टोबर 1958 मध्ये, तिथल्या एनबीसी वाहिनीने ‘कॉन्टिनेंटल क्लासरूम’ नावाचा वर्ग सुरू केला. शिकवायला उभे राहिले बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले हार्वी व्हाइट. विषय होता अणुयुगाचे भौतिकशास्त्र. वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेसहा. हा वर्ग मुख्यतः शाळेतल्या विज्ञानशिक्षकांसाठी होता. त्यांना शाळेत जाण्याआधी तो पाहता यावा, म्हणून ही कोंबड्याची वेळ.

अडीचशेहून अधिक महाविद्यालयांनी हा अभ्यासक्रम पदवीच्या हिशेबात धरायची तयारी दाखवली. नाव नोंदवायचे, तास घरी टीव्हीवर बघायचा आणि परीक्षा महाविद्यालयात द्यायची. असे रीतसर विद्यार्थी काही हजार होते, तर चहाचा कप हातात घेऊन नुसते बघणारे काही लाख.

आता शिकवणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. समोर कॅमेऱ्याचे एक काळे भिंग. त्याच्या पलीकडे एक जण वीस वर्षे विज्ञान शिकवतो आहे, पण त्याची पदवी अणुबॉम्बच्या आधीची. दुसरा नुकताच महाविद्यालयात आलेला. तिसऱ्याला परीक्षा द्यायची नाही, फक्त कुतूहल आहे. तिघांनाही तोच फळा आणि तेच वाक्य मिळणार. नेहमीच्या वर्गात शिक्षक चेहरे वाचतो. कपाळावर आठ्या दिसल्या की तेच पुन्हा सांगतो, मागच्या बाकावर जांभई दिसली की पुढे सरकतो. कॅमेऱ्याला वर्ग दिसत नाही. त्यामुळे विद्यार्थी कोण आहे, हे शिकवणाऱ्याला आधीच मनात ठरवावे लागते, आणि प्रत्यक्षातला प्रत्येक विद्यार्थी त्या मनातल्या विद्यार्थ्याहून थोडा वेगळा निघतो.

हा वेगळेपणा नेमका कशात असतो? प्रत्येक जण तासाला येताना एक गाठोडे घेऊन येतो. त्यात तीन वस्तू असतात: गणिताची तयारी, निसर्गाबद्दल आधीच पक्क्या झालेल्या कल्पना, आणि ‘भौतिकशास्त्र शिकायचे म्हणजे काय करायचे’ याबद्दलची अपेक्षा. एकेक काढून पाहू.

पहिली वस्तू: गणित आणि लहान ओटा

पुण्याहून नाशिकला निघालेली एसटी 210 किलोमीटर अंतर 6 तासांत तोडते. सरासरी चाल ताशी 35 किलोमीटर. पण संगमनेरच्या पुढे मोकळा रस्ता लागला तेव्हा काटा 60 वर होता आणि सिन्नरच्या स्थानकात शून्यावर. मग ‘या क्षणीची चाल’ कशी काढायची? शेवटच्या एका तासात किती अंतर गेले ते पाहा. मग शेवटच्या एका मिनिटात, मग एका सेकंदात. काळाचा तुकडा लहान लहान करत गेलो की उत्तर एका आकड्यापाशी स्थिरावते. त्याच आकड्याला क्षणिक चाल म्हणतात आणि तो काढायच्या रीतीला अवकलन.

ज्याला अवकलन येते, त्याच्यासाठी फळ्यावरची ही एक ओळ असते. ज्याला येत नाही, त्याला वरचा सगळा परिच्छेद डोक्यात उभा करावा लागतो, आणि तोवर सर पुढच्या ओळीवर गेलेले असतात.

असे का होते, हे समजायला स्वयंपाकघरातला ओटा आठवा. फडताळात डबे कितीही असोत, ओट्यावर एका वेळी चार-पाचच वस्तू मावतात. डोक्याचेही तसेच आहे. साठवण अफाट, पण आत्ता ज्याच्यावर काम चालू आहे ती जागा एवढीशी. सरावलेल्या माणसाचे अवकलन वाटून ठेवलेल्या मसाल्यासारखे असते, एका वाटीत मावते. नवख्याच्या ओट्यावर मात्र धने, खोबरे, मिरच्या आणि पाटा-वरवंटा एकदमच येऊन पडतात. ओटा भरला की पुढची वस्तू खाली घरंगळते. तो विद्यार्थी मंद नसतो, त्याला फक्त जागा पुरत नाही.

1985-86 मध्ये अमेरिकेत ‘द मेकॅनिकल युनिव्हर्स’ ही मालिका प्रसारित झाली. ‘बियाँड द मेकॅनिकल युनिव्हर्स’ हा तिचा उत्तरार्ध धरून अर्ध्या तासाचे एकूण 52 भाग. ती कॅलटेक या अमेरिकी संस्थेत डेव्हिड गुडस्टीन शिकवत असलेल्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रावर बेतलेली होती. गुडस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकलन गाळले नाही, त्याचे चित्र केले. व्हॉयेजर यानांच्या ग्रहभेटी संगणकावर चितारणारे जिम ब्लिन यांनी समीकरणांना चालते-बोलते केले. पदे एका बाजूची दुसऱ्या बाजूला उडी मारून जातात, सारखी पदे एकमेकांना खाऊन टाकतात. ज्याला गणित येते तो पायऱ्या तपासतो. ज्याला येत नाही त्याला निदान इतके दिसते की इथे जादू नाही, हलवाहलव आहे. शिवाय न्यूटन-केप्लरच्या काळाचे नाट्यप्रसंग होते, ते गणित न येणाऱ्यालाही धरून ठेवत. एकाच ताटात लहानांना, मोठ्यांना आणि पाहुण्यांना वाढण्याचा तो प्रयत्न होता.

दुसरी वस्तू: ‘जोर’ नावाचा पाहुणा

आता तुमचे समासातले उत्तर पाहू. वर जाणाऱ्या चेंडूवर कोणती बले?

बहुतेक जण दोन बाण काढतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, हाताने दिलेल्या जोराचा. त्यांच्या मते हा जोर हळूहळू संपतो. माथ्यावर दोन्ही सारखे होतात, मग गुरुत्वाकर्षण जिंकते आणि चेंडू खाली येतो. गोष्ट सुसंगत आहे, पटते, आणि चूक आहे.

खरे उत्तर एकच बाण: खाली, गुरुत्वाकर्षणाचा. हात सुटला तेव्हाच हाताचे बल संपले. चेंडू वर जातो, कारण तो आधीपासूनच वर जात होता. चालू गती टिकवायला बल लागत नाही, ती बदलायला लागते. गुरुत्वाकर्षण ती गती सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद इतकी बदलत राहते. आधी कमी करत शून्यावर आणते, मग उलट दिशेला वाढवते. माथ्यावरही हा बाण तेवढाच असतो. तिथे बले खरोखरच एकमेकांना खोडत असती, तर चेंडू माथ्यावर टांगलेलाच राहिला असता.

दोन बाण काढले असतील तर वाईट वाटून घेऊ नका. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ ब्युरिदाँ यांनी जवळपास हीच कल्पना मांडली होती: फेकणारा वस्तूत एक ‘प्रेरणा’ भरतो आणि ती वस्तूला पुढे नेते. मराठीही आपल्याला तिकडेच ढकलते. आपण म्हणतो, ‘बॉलमध्ये जोर होता’, ‘जोर संपला आणि खाली पडला’. या वाक्यांत जोर चेंडूच्या आत बसलेला आहे, डब्यातल्या साखरेसारखा. गंमत म्हणजे त्यात एक खरा दाणा आहे. वर जाताना चेंडूतले काहीतरी खरेच कमी होत जाते. पण ते बल नाही, तो संवेग आहे, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वस्तू ओळखली बरोबर, नाव चुकले. आणि भौतिकशास्त्रात नाव चुकले की पुढचे सगळे गणित चुकते.

अशा कल्पना किती खोल रुजलेल्या असतात, हे मोजायला अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये बलाच्या संकल्पनेवर सुमारे 30 प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड जवळपास नाही, साधी भाषा आणि पर्यायांत नेहमीच्या चुका पेरलेल्या. सूत्रात किमती घालून उदाहरणे सोडवणारी मुलेही इथे अडखळली. हेस्टेनीस यांचे आधीचे काम वाचून हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी 1990 च्या सुमारास असेच प्रश्न आपल्या वर्गाला दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहू, की मला एरवी वाटते तशी? त्या एका प्रश्नात सगळा घोटाळा आहे. डोक्यात दोन वह्या असतात, एक परीक्षेची आणि एक जगायची. तास परीक्षेच्या वहीत उतरतो, जगायची वही तशीच राहते.

स्वच्छ फिल्म आणि गोंधळाची फिल्म

मग पडद्यावरून नीट, स्वच्छ, चुकीविना समजावले तर ती दुसरी वही बदलते का? हाच प्रश्न डेरेक म्यूलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी घेतला. ते पुढे ‘व्हेरिटॅसियम’ या यूट्यूब वाहिनीमुळे जगभर ओळखले गेले. त्यांनी एकाच विषयावर वेगवेगळ्या फिल्म केल्या. एका प्रकारात फक्त बरोबर स्पष्टीकरण. दुसऱ्यात दोघांचा संवाद: एक जण आधी नेहमीची चुकीची समजूत बोलून दाखवतो, मग दोघे मिळून ती तपासतात.

स्वच्छ फिल्म मुलांना आवडली. स्पष्ट आहे, सोपी आहे, असे त्यांनी सांगितले. पण चाचणीत आधी 26 पैकी सरासरी 6 गुण होते, ते नंतर 6.3 झाले. संवादाची फिल्म मुलांना गोंधळात टाकणारी वाटली, पण ती पाहिलेल्यांची सरासरी 11 च्या आसपास गेली.

हे घडते कसे? स्वच्छ स्पष्टीकरण ऐकताना मन म्हणते, ‘हे तर मला ठाऊकच आहे’, आणि लक्ष काढून घेते. ऐकलेले जुन्या समजुतीवर अलगद बसते. काही मुलांना तर फिल्मने आपलेच मत सांगितले, असे वाटले. चुकीची समजूत दुसऱ्याच्या तोंडून उघड ऐकली की मात्र मन दचकते: अरे, मलाही असेच वाटत होते, मग यात चुकले काय? नवा दिवाणखाना थाटायचा तर जुना पलंग आधी बाहेर काढावा लागतो. पलंग आहे हेच मान्य केले नाही, तर नवे सामान दारातच अडते.

तिसरी वस्तू: अपेक्षा

गाठोड्यातली ही वस्तू सगळ्यांत तळाशी असते, म्हणून ती दिसत नाही. मेरिलँड विद्यापीठाचे एडवर्ड रेडिश, जेफ्री सॉल आणि रिचर्ड स्टाइनबर्ग यांनी तिच्यासाठी 34 विधानांची प्रश्नावली केली. विद्यार्थ्याने प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत ते सांगायचे. अमेरिकेतल्या सहा महाविद्यालय-विद्यापीठांतल्या सुमारे 1500 विद्यार्थ्यांची उत्तरे 1998 मध्ये प्रसिद्ध झाली.

ही विधाने भौतिकशास्त्राची नव्हती, भौतिकशास्त्राकडे बघण्याची होती. हा विषय म्हणजे सुट्या सूत्रांची थैली की एकाच धाग्यात ओवलेली माळ? ज्ञान सरांकडून घ्यायचे की स्वतः पडताळून जुळवायचे? वर्गातल्या चेंडूचा आणि मैदानावरच्या चेंडूचा काही संबंध आहे का? निष्कर्ष खडबडून जागे करणारा होता. पहिल्या सत्राच्या शिकवणीनंतर मुलांची दृष्टी तज्ज्ञांच्या जवळ जाण्याऐवजी एकंदरीत थोडी दूरच गेली.

ज्याची अपेक्षा ‘सूत्राची थैली’ अशी आहे, तो तासात फक्त सूत्र शोधतो. सर तर्क समजावत असतात तेव्हा तो वाट बघतो आणि चौकटीतले सूत्र आले की टिपून घेतो. तासातला गाभा त्याच्यासाठी जाहिरातींसारखा निघून जातो.

त्यात पडद्याची भर पडते. मानसशास्त्रज्ञ गॅव्हरिएल सॉलोमन यांनी 1984 मध्ये सहावीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच गोष्ट काहींना टीव्हीवर दाखवली, काहींना छापील वाचायला दिली. टीव्ही सोपा आणि पुस्तक कठीण, हे मुलांनी आधीच ठरवलेले होते. त्यामुळे टीव्हीसमोर त्यांनी डोके कमी चालवले, आणि जिथे स्वतः अनुमान काढायचे होते त्या प्रश्नांत ती मागे पडली. म्हणजे पडद्यात खोट नव्हती. पडद्यासमोर आपण कसे बसतो, त्यात होती. क्रिकेटचा सामना बघताना कट्ट्यावरच्या प्रत्येकाला तो चेंडू कसा खेळायला हवा होता, हे पक्के ठाऊक असते. बॅट हातात दिली की कळते.

आपल्याकडचा पडदा

भारतात दिल्लीच्या शाळांसाठी 1961 मध्येच टीव्हीवरून विज्ञानाचे पाठ सुरू झाले. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर येऊ लागला. कार्यक्रम प्रामुख्याने इंग्रजीत असत. 2017 पासून ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक उपक्रमाच्या डीटीएच वाहिन्या आहेत. तिथे रोज काही तासांचे नवे पाठ येतात आणि दिवसभरात तेच पुन्हा पुन्हा दाखवले जातात. सकाळी साडेसहाला चुकले म्हणजे कायमचे चुकले, ही अडचण त्यामुळे सुटली.

पण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या गाठोड्यात एक चौथी वस्तू असते: भाषा. दहावीपर्यंत तो चाल, वेग, त्वरण, संवेग, बल शिकतो. अकरावी विज्ञानाला गेला की त्याच जागी स्पीड, व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सलरेशन, मोमेंटम, फोर्स येतात. त्यातून ‘वेग’ हा शब्द बोलण्यात नुसत्या चालीसाठी वापरतात, पुस्तकात मात्र त्याला दिशाही असते. प्रत्येक शब्दाचे भाषांतर ओट्यावर जागा अडवते. इंग्रजी तास सुरू करण्याआधी या दहा-बारा शब्दांच्या जोड्या कागदावर लिहून समोर ठेवल्या, तरी ओट्याचा एक कोपरा मोकळा होतो.

मग करायचे काय?

1998 मध्येच रिचर्ड हेक यांनी 62 अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे अशा संकल्पनांच्या चाचण्यांमधले निकाल एकत्र मांडले. त्यांची मोजण्याची रीत साधी आहे. सुरुवातीला 100 पैकी 40 गुण असतील, तर सुधारायला 60 गुणांची जागा आहे. त्या जागेपैकी किती भरली? नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी पावाहून किंचित कमी, म्हणजे 60 पैकी 14 गुण. जिथे मुले मधेच थांबून अंदाज करत, शेजाऱ्याशी वाद घालत, तिथे जवळपास निम्मी, म्हणजे 29 गुण.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने 1971 मध्ये बीबीसीवरून पाठ सुरू केले, तेव्हा सगळी भिस्त टीव्हीवर ठेवली नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगपेट्या पाठवल्या, त्यांचे स्वाध्याय शिक्षकांनी शेरे मारून परत केले, उन्हाळ्यात निवासी वर्ग घेतले. जिथे चेहरा दिसत नाही, तिथे चेहऱ्याचे काम कागदाने केले.

मधेच थांबून अंदाज करणे घरी एकट्यालाही जमते, कारण आजच्या पडद्याला हार्वी व्हाइटच्या पडद्याला नव्हते असे एक बटण आहे: थांबवण्याचे.

चौकट: थोडक्यात

- तास लावण्याआधी पाच मिनिटे: या विषयाबद्दल मला आत्ता काय वाटते, ते दोन ओळींत लिहा.
- सरांनी प्रश्न विचारला की पडदा थांबवा. अंदाज लिहा, मगच पुढे जा.
- अंदाज चुकला तर तो खोडू नका. बाजूला ‘का चुकला’ ते लिहा.
- अनोळखी गणित आले तर तास सोडून आधी तेवढेच गणित करा.
- ‘समजले’ हा शब्द वही बंद करून पुन्हा मांडता आले तरच वापरा.
- शिकवणाऱ्यांसाठी: बरोबर उत्तर देण्याआधी नेहमीचे चुकीचे उत्तर कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या.

शेवटी आणखी एक प्रश्न. भरलेला मालट्रक आणि रिकामी रिक्षा समोरासमोर आदळल्या. कोणी कोणावर जास्त बल लावले: ट्रकने रिक्षावर, की रिक्षाने ट्रकवर? उत्तर इथे देत नाही. तुमचे उत्तर आधी समासात लिहा. बरोबर उत्तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, ‘गतीचे नियम’ या पहिल्याच धड्यात आहे.